भाऊजींच्या दुकानातली शांतता

तो स्वतंत्र होता. हे त्याने स्वतःच सगळ्यांना वेळोवेळी सांगून ठेवलेलं असल्यामुळे शंकेला जागा नव्हती. वय सेहेचाळीस. लग्न नाही, नोकरी नाही, डोक्यावर निर्माता नाही आणि समोर प्रेक्षक नाही. बावीस वर्षांत दोन चित्रपट केले आणि दोन्ही स्वतःच्या अटींवर केले. दुसरं कोणी अटी घालायला पुढे आलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पहिला चित्रपट रेल्वेच्या एका फाटकवाल्यावर होता. त्या मार्गावरून गाडी जायची बंद झालेली, पण फाटकवाल्याची नोकरी चालू. पंचाण्णव मिनिटं तो माणूस बसलेला दिसतो. दुसरा चित्रपट जुना स्वेटर उसवत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईवर. एकसष्टाव्या मिनिटाला ती पाणी प्यायला उठते. चित्रपटात जे काही घडतं ते एवढंच, आणि तेवढंही उगाच ठेवलं असं त्याला अलीकडे वाटू लागलं होतं. हा दुसरा चित्रपट एका महोत्सवाच्या निवड समितीतल्या बाईंनी शेवटपर्यंत पाहिला होता आणि 'थोडक्यात राहिला' असं पत्र पाठवलं होतं. ते पत्र त्याने भिंतीवर लावलं नाही. तो दिखाऊपणा झाला असता. ते नुसतं टेबलावर, आल्यागेल्याला दिसेल असं पडलेलं असायचं.

त्याला तत्त्वं होती. कोणाचा पैसा घ्यायचा नाही, हे सगळ्यांत वरचं. ताई ही 'कोणी' नव्हती, ती ताई होती. त्यामुळे ताईच्या घराच्या गच्चीवरची खोली, ताईच्या हातचं दोन वेळचं जेवण आणि ताईच्या नवऱ्याने वाढदिवसाचं निमित्त काढून घेऊन दिलेला कॅमेरा, यातलं काहीच त्या तत्त्वाच्या आड येत नव्हतं. दुसरं, चित्रपटात काहीही रचायचं नाही. माणसाला 'इकडून ये, तिकडे बघ' म्हटलं की सत्य तिथेच आटोपलं. शिवाय कोणाच्या सांगण्यावरून एक तुकडासुद्धा कापायचा नाही, हेही होतं. अजून कोणी सांगितलेलं नव्हतं, पण तयारी असलेली बरी.

आणि या सगळ्याच्या बुडाशी होतं शांत आयुष्य. एका छोट्या मासिकाने त्याची तीन पानी मुलाखत छापली होती. तीत त्याने कला, स्वातंत्र्य आणि शांतता यांवर भरभरून सांगितलं होतं. 'जग फार गोंगाट करतं. मी त्यातून अंग काढून घेतलं आहे. मला जगायला फार काही लागत नाही.'

"खरंच आहे," ताई मुलाखत वाचून म्हणाली. "आयतं सगळं समोर आल्यावर आणखी काय लागणार?" आणि तिने त्याच्यासमोर ताट ठेवलं.

ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, यांचं बाजारपेठेत नळ आणि बेसिनचं दुकान होतं. नळ, बेसिन, कमोड, फ्लशच्या टाक्या, शॉवर. एका मोठ्या कंपनीची एजन्सी त्यांच्याकडे अठ्ठावीस वर्षं होती. माणूस बोलघेवडा. जेवायला बसले की दुकान ताटाशेजारी मांडायचे. आज काय गर्दी होती, श्वास घ्यायला फुरसत नाही, एक कंत्राटदार तर काउंटरवरूनच बेसिन उचलून घेऊन गेला. तो मान खाली घालून जेवायचा. भाऊजींबद्दल त्याला आदर होता, पण गच्चीवरून खाली बघताना वाटतो तसा. व्यापारी माणूस, गलक्यात जन्म गेला, त्याला शांततेचं मोल कुठून कळणार, असं त्याला वाटायचं. आणि कधीकधी कीवही यायची.

एके दिवशी सकाळी भाऊजी जिना चढून गच्चीवर आले. ते टाकीतलं पाणी बघायला आले असतील असं समजून तो लिहीत राहिला. पण भाऊजी खोलीत आले, खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसले आणि दम घेऊन म्हणाले, "जरा काम होतं तुझ्याकडे."

बावीस वर्षांत हे वाक्य त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं.

"कंपनीने नवीन टूम काढलीय," भाऊजी म्हणाले. "प्रत्येक डीलरने आपल्या दुकानाची एक मिनिटाची फिल्म पाठवायची. चालू दिवसाची. गिऱ्हाईक, वर्दळ, सगळं दिसायला पाहिजे. ती बघून ठरवणार, कोणाची एजन्सी ठेवायची आणि कोणाची काढायची. निम्मे डीलर उडवणार म्हणतात."

"आणि काढली तर?"

"तर काय! दुकान म्हणजे ती एजन्सीच. ती गेली की शटर ओढायचं आणि घरी बसायचं."

यावर कोणीही 'कधी करायची फिल्म' असं विचारलं असतं. पण तो कोणीही नव्हता. "भाऊजी," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मी जाहिराती करत नाही."

"जाहिरात कुठे? फिल्मच आहे."

"एका मिनिटाची? एका मिनिटात माझ्या चित्रपटातला माणूस मानसुद्धा वळवत नाही."

भाऊजी खुर्चीतून उठू लागले. पण ताई त्याच वेळी धुतलेले कपडे वाळत घालायला गच्चीवर आलेली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती दारात आली. तिच्या हातात त्याचाच सदरा होता, पिळून घट्ट केलेला.

"तुझी तत्त्वं रोज मी धुते," ती म्हणाली. "कॉलरला फार मळतात. त्यांनी कधी मागितलंय का तुझ्याकडे काही? नाही ना? मग मुकाट्याने कर."

त्याने मुकाट्याने केलं नाही, पण केलं. अटी मात्र घातल्या. एक दिवस, एक कॅमेरा, एक जागा. नाटक नको, संगीत नको. भाऊजी सगळ्याला हो म्हणाले आणि मग घुटमळत म्हणाले, "मी काय म्हणतो, दोनचार प्लंबर ओळखीचे आहेत, त्यांना येऊन उभं राहायला सांगतो. दुकानाच्या वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टरही येतील. तेवढंच जरा भरलेलं दिसेल."

"अजिबात नाही!" तो खुर्चीतून उठलाच. मग त्याने भाऊजींना सत्य म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. रचलेल्या गर्दीपेक्षा न रचलेला एक माणूस कसा मोठा असतो, कॅमेऱ्याला खोटं कसं लगेच कळतं, वगैरे. भाऊजी ऐकत होते.

"पण समजा त्याच दिवशी नेमकं कोणी..."

"नाही आलं तर नाही आलं. जे आहे ते दिसेल. आणि रोज तुम्हीच सांगता ना, श्वास घ्यायला फुरसत नसते म्हणून? मग भीती कसली?"

भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "बरं," ते म्हणाले. "तुझ्या मनासारखं कर."

मंगळवारी सकाळी साडेदहाला त्याने कॅमेरा लावला. फ्लशच्या टाक्यांच्या दोन थप्प्यांच्या मधोमध, काउंटर आणि काचेचा दरवाजा दोन्ही एका चौकटीत बसतील असा. मायक्रोफोन शॉवरच्या दांड्याला टांगला. भाऊजी इस्त्रीचा नवा शर्ट घालून आले होते. तो बघून त्याने नाक मुरडलं, पण रचायचं नाही म्हटल्यावर शर्ट बदला असंही सांगता येईना. "कॅमेऱ्याकडे बघू नका, तो इथे नाहीच असं समजा," एवढं सांगून त्याने कॅमेरा चालू केला आणि निघाला. दिग्दर्शक हजर असला की सत्य बुजतं, असं त्याचं मत होतं. ते मत घेऊन तो वाचनालयात गेला आणि चार तास पंख्याखाली बसून त्याने वर्तमानपत्रं वाचली. दिग्दर्शनाचं काम असं दमवणारं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेडफोन चढवून ते चार तासांचं चित्रण बघायला बसला. पहिला अर्धा तास तो भलताच खूष होता. दरवाजाच्या काचेतून आलेला उजेड नळांच्या रांगेवरून हळूहळू सरकत होता. आणि काय ती शांतता! फाटकावरसुद्धा एवढी स्वच्छ शांतता त्याला मिळाली नव्हती. ऐन बाजारपेठेत, कामाच्या दिवशी, भाऊजींसारख्या गलक्यातल्या माणसाच्या दुकानात! त्याने वहीत लिहिलं, 'अप्रतिम शांतता.' खाली दोन रेघा ओढल्या.

चाळिसाव्या मिनिटाला त्याला चुकल्यासारखं वाटलं. गिऱ्हाईक कुठे आहे?

गिऱ्हाईक नव्हतं. भाऊजी होते. त्यांनी नळांची रांग पुसली. मग बेसिन पुसलं. मग पुन्हा नळ पुसले, या वेळी उलट्या बाजूने. तासाभराने बहुधा त्यांना कॅमेऱ्याची आठवण झाली. त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "हो हो, पाठवतो ना! दोन डझन नळ? सहा बेसिन? आजच पाठवतो साहेब. काय करणार, दुकानात गर्दीच एवढी..."

आणि कानाला लावलेला फोन वाजला.

भाऊजी दचकले. फोन लांब धरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग उचलला. "हां, बोल," ते अगदी हळू म्हणाले. "नाही, जेवेन आता. हो. हो गं, आहे गर्दी." ताईचा फोन होता.

ते बघून तो हसला. अगदी मोठ्याने हसला. मग मागे नेऊन तेवढा भाग त्याने पुन्हा बघितला, आणि या वेळी त्याला हसू आलं नाही.

त्यानंतर एक माणूस दार ढकलून आत आला. भाऊजी ताडकन उभे राहिले, शर्ट खाली ओढला, "या या" म्हणाले. त्या माणसाला दातांचा दवाखाना कुठल्या जिन्याने आहे ते विचारायचं होतं. भाऊजी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले, जिना दाखवला, आणि तो गेल्यावरही बराच वेळ दार धरून उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी डबा उघडला, आत बघितलं आणि बंद केला. आणि मग चाळीस मिनिटं काहीच नाही. भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून दरवाजाकडे बघत बसले होते. काचेवरून कोणाची सावली गेली की त्यांची पाठ ताठ व्हायची. सावली पुढे गेली की सैल पडायची. कॅमेरा तिथे आहे हे ते पार विसरले होते. आपण आहोत हेसुद्धा विसरले असतील.

आता खरं काय ते सांगायला हवं. त्याला आधी आनंद झाला. अंगावर काटा आला. बावीस वर्षं तो ज्या चित्राच्या मागे होता ते हे होतं. फाटकवाला कॅमेऱ्याला लाजत होता, म्हातारीला स्वेटरचा राग होता, पण हा माणूस नुसता वाट बघत होता आणि त्याच्यात तसूभरही खोटं नव्हतं. त्याने मनातल्या मनात महोत्सवाच्या बाईंना पत्रसुद्धा लिहायला घेतलं. हा माणूस आपल्या ओळखीचा आहे आणि आज सकाळी त्यानेच आपल्यासाठी गरम पाण्याचा बंब लावला होता, हे लक्षात येऊन लाज वाटायला त्याला पुरते दोन तास लागले. कलावंताला वेळ लागतोच.

पण एकदा लाज वाटायला लागल्यावर ती थांबेना. भाऊजींनी वर्षभरापूर्वी स्कूटर विकली होती. 'चालणं तब्येतीला बरं,' म्हणाले होते, आणि त्याने त्यावर 'सावकाश जगणं' या विषयावर त्यांचं कौतुक केलं होतं. चष्म्याच्या काडीला तार गुंडाळलेली होती. जेवताना सांगितलेले ते कंत्राटदार, ती झुंबड, ते काउंटरवरून उचललेलं बेसिन, सगळं रोज दुकानातून घरी येईपर्यंतच्या वाटेवर जुळवलेलं. ताईला घोर लागू नये म्हणून. आणि त्याला स्वतंत्र राहता यावं म्हणून. भाऊजी दुकानात माशा मारत बसले होते आणि तो गच्चीवर त्या माशांच्या जिवावर शांत आयुष्य जगत होता. त्याला रडू आलं. हेडफोन तसेच कानावर ठेवून तो रडला, त्यामुळे आपलं रडणं त्याला नीट ऐकू आलं नाही.

दुपारी तो दुकानात गेला.

"भाऊजी, कालचं वाया गेलं. आवाज बिघडला," तो म्हणाला. "पुन्हा करायला लागेल."

"असं?" भाऊजी म्हणाले. ते त्याच्याकडे न बघता नळावरून फडकं फिरवत होते.

"आणि या वेळी माणसं लागतील. तुम्ही म्हणत होतात ना, ते प्लंबर. डॉक्टरांनाही सांगा. मी वाचनालयातल्या ग्रंथपालांना घेऊन येतो."

"आणि ते सत्य?"

"ते असू दे हो," तो म्हणाला. "आपल्याला फक्त एक मिनिट हवंय."

ज्याने आयुष्यात कोणाला 'इकडून ये' म्हटलं नव्हतं, त्याने शुक्रवारी सकाळी सात माणसांना इकडून तिकडे पळवून पार घाम काढला. आणि रचण्याचं काम त्याला मुळीच येत नव्हतं, हे पहिल्या दहा मिनिटांतच उघड झालं. दोघे प्लंबर कॅमेरा दिसला की फोटोला उभं राहिल्यासारखे हात बाजूला लावून ताठ व्हायचे. ग्रंथपालांनी कमोडला हात लावल्याबरोबर सवयीने त्याच्यावर अनुक्रमांक शोधला. ताईला सांगितलं होतं की नुसतं येऊन एक नळ बघायचा. तिला हा खटाटोप कंपनीला दुकान टापटीप दिसावं म्हणून आहे असंच वाटत होतं, आणि ती हौसेने पर्स हलवत आली आणि म्हणाली, "अहो दुकानदार, मला तुमच्याकडचा सगळ्यांत उत्तम नळ दाखवा!" हे तिने इतक्या जोरात म्हटलं की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्याने त्या दोघांनाही आत ओढलं.

दातांचे डॉक्टर मात्र चमकले. त्यांनी शॉवरच्या किमतीवरून अशी काही हुज्जत घातली, असे काही निघून गेले आणि परत आले, की सगळे बघत राहिले. काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "तो शॉवर बांधून द्या. खरंच हवाय मला." त्या आठवड्यातली ती एकच विक्री.

तरी माणसं कमी पडत होती. मग तो स्वतः गिऱ्हाईक झाला. तीन वेळा झाला, तीन वेगवेगळ्या शर्टांत, एकदा पाठमोरा. एकदा त्याने खांद्यावर फ्लशची टाकी घेऊन बाहेर जायचं होतं. भाऊजींनी काउंटरवरून ती त्याच्या खांद्यावर चढवली, नीट तोल बघितला आणि हळूच विचारलं, "जमेल ना?" तो "हो" म्हणाला. टाकी रिकामी होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

साठ सेकंदांत त्याने बावन्न तुकडे जोडले. खाली संगीतही घातलं, तेसुद्धा टाळ्यांच्या ठेक्याचं. ते बनवताना आपण काय करतो आहोत याचा त्याने विचार केला नाही, आणि पाठवून दिलं.

पण माणूस सुधारला असं समजून कोणी घाई करू नये. कंपनीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत तो गच्चीवर दार लावून बसला होता. त्या पहिल्या चार तासांचं त्याने काय केलं? अठ्ठ्याऐंशी मिनिटं केली. नळ पुसणं ठेवलं, फोन ठेवला, डबा ठेवला, ती सावलीची चाळीस मिनिटं जशीच्या तशी ठेवली. त्याने आजवर केलेल्या कामात हे सगळ्यांत चांगलं होतं, आणि हे त्याला मुलाखत न देताही कळत होतं. महोत्सवाचा अर्ज त्याने भरून ठेवला. एकच जागा कोरी होती. चित्रपटात दिसणाऱ्या व्यक्तीची संमती आणि सही. भाऊजी नाही म्हणणार नाहीत, त्यांनी कधी म्हटलंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि महोत्सव दूर असतो, तिथे ताईला कोण ओळखतं, अशीही घातली. समजुती घालण्यात तो पहिल्यापासून पटाईत होता.

शनिवारी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. एजन्सी राहिली. एवढंच नाही, तर ती फिल्म त्यांनी दोनशे डीलरांच्या बैठकीत पडद्यावर दाखवली होती, आदर्श दुकान कसं असावं म्हणून. टाळ्या पडल्या म्हणे. पुन्हा दाखवा म्हणाले म्हणे. बावीस वर्षांत दोनशे माणसांनी एकत्र बसून बघितलेला त्याचा हा एकमेव चित्रपट. ताईला आभाळ ठेंगणं झालं. तिने अख्ख्या गल्लीला सांगितलं की माझ्या भावाच्या फिल्मला टाळ्या पडल्या, आणि तिच्या मते हे त्याने वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

रविवारी दुपारी, दुकान बंद होतं तेव्हा, भाऊजी जिना चढून वर आले. या वेळी त्याने लगेच उठून खुर्ची रिकामी केली. अर्ज टेबलावरच होता. आता विचारू, मग विचारू, असं त्याचं चाललं होतं, तेवढ्यात भाऊजीच बोलले.

"ते पहिलं दाखव मला."

"कुठलं पहिलं?"

"आवाज बिघडला म्हणालास ते. अरे, तुझ्या फिल्ममध्ये आवाज असतो कुठे बिघडायला? तेव्हाच मी समजलो तू काय बघितलंस ते."

त्याने खुर्ची पडद्यासमोर सरकवली. त्याने हेडफोन भाऊजींच्या कानावर ठेवले आणि ती अठ्ठ्याऐंशी मिनिटं चालू केली. तो मागे उभा राहिला. त्याला पडदा दिसत होता आणि भाऊजींची मान दिसत होती. मान हलली नाही. फोन वाजला त्या जागी भाऊजी किंचित हसले. डबा बंद केला तिथे त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. सावल्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांची पाठ खुर्चीत ताठ झाली आणि सैल पडली, पडद्यावरच्यासारखीच. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"असा दिसतो होय मी?" ते म्हणाले.

"भाऊजी..."

"नाही, चांगलं केलंयस. खरंच. मला वाटायचं तू नुसताच बसून असतोस. पण तुला दिसतं रे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी घरी येताना वाटेत वाटलं होतं, कोणीतरी एकदा हे बघावं. मला सांगता येत नव्हतं. आता तू बघितलंस. झालं."

तो टेबलावरच्या अर्जाकडे गेला. कागद हातात घेतला. भाऊजींनी तो बघितला, पण काय आहे असं विचारलं नाही.

"पुसून टाक," ते म्हणाले.

"भाऊजी, हे मी केलेलं सगळ्यांत..." त्याने कागद खाली ठेवला. "आजवरचं सगळ्यांत चांगलं आहे हे."

"माहीत आहे. म्हणून तर सांगतोय. वाईट असतं तर ठेव म्हटलं असतं. कोण बघणार होतं? पण हे चांगलंय, लोक बघतील. मग कोणीतरी तुझ्या ताईला सांगेल." भाऊजी चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "तिला वाटतं मी रोज जेवायलासुद्धा विसरतो, एवढं काम असतं. ते तसंच राहू दे."

त्यावर बोलण्यासारखं त्याच्याकडे बरंच काही होतं. सत्य, कला, स्वातंत्र्य. एका छोट्या मासिकात तीन पानं भरून छापून आलेलं होतं. त्यातलं एकही अक्षर त्याच्या तोंडी आलं नाही. तो यंत्रासमोर बसला आणि भाऊजींच्या देखत त्याने आधी अठ्ठ्याऐंशी मिनिटं पुसली, मग ते मूळचे चार तास. चार तास जायला थोडा वेळ लागला. दोघं पडद्याकडे बघत होते.

सगळं गेल्यावर भाऊजींनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ते उठले. खालून ताई हाका मारत होती. भाऊजी गच्ची ओलांडून जिन्यापर्यंत गेले, दोन पायऱ्या उतरलेही.

तो दारात आला. आत कपाटात, कपड्यांच्या खाली, एक डिस्क होती, आणि ती आहे हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

"भाऊजी, थांबा," तो म्हणाला. "अजून एक प्रत आहे."